वाळली तूर चुलीची

पंजाबराव दुपारच्या एसटीतून उतरला, पण घराकडे गेला नाही. सरळ खळ्यावर आला आणि कडेला चपला काढून उभा राहिला.

खळ्यात चपला घालून येऊ नये, धान्याचा मान असतो, हे रामराव आपल्या या मेहुण्याला दरवर्षी सांगे. दरवर्षी पंजाबराव हसून तसाच आत येई. आज त्याने न सांगता चपला काढल्या. रामरावाच्या हातात तूर झोडायची काठी होती. त्याला कळलं.

"कोकी गेली, जवाईबापू."

"कवा?"

"पहाटे. झोपेतच गेली म्हनते नर्स."

कावीळ झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, उतार आहे, आठवड्याने घेऊन जा. तूर खळ्यावर पडली होती म्हणून रामराव गावी आला होता आणि पंजाबराव बहिणीजवळ थांबला होता.

"एवढी पेंढी झोडून घेतो," रामराव म्हणाला.

रामरावाने पेंढी झोडली, काड्या बाजूला टाकल्या, ढीग ताडपत्रीने झाकला, ताडपत्रीच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग दोघे घरी गेले.

संध्याकाळी खरेदी-विक्री संघाच्या जीपमधून तिला आणलं. पंजाबराव बाभुळगावला संघात होता, त्यानेच जीप मागून घेतली होती. अंगण भरलं. आंघोळीचं पाणी तापवायला जळण कुठे आहे, म्हणून बाया विचारू लागल्या. रामरावाला सांगता येईना. आपल्याच घरात जळण कुठे असतं, हे त्याला त्या वेळी आठवत नव्हतं. तेवढ्यात वस्तीवरची रुखमाबाई डोक्यावर तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा घेऊन आली. तिने तो कुंपणाशी टाकला.

"बाईच्या पान्याले," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तिथेच उभी राहिली.

पाणी त्या तुराट्यांवर तापलं. अर्धा भारा उरला, तो कोणीतरी न्हाणीच्या कोपऱ्यात लावून ठेवला.

कोकिळा गावच्या शाळेत बाई होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी कळंबच्या बाजारात तिला कोणी रामरावची बायको म्हणत नसे. रामरावालाच बाईचा नवरा म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. तो चौथीपर्यंत शिकला होता आणि तेवढं त्याला पुरत होतं. मूलबाळ नव्हतं. रविवारी ती वावरात येई, डोळ्यांवर हाताची सावली धरून दोन ओळींमधल्या तासातासाने चाले आणि तुरीची झाडं मोजी.

त्याचं असं झालं होतं. त्या भागात तुरीवर मर पडे. फुलावर आलेलं झाड उभ्याउभ्या वाळायचं. शेजारचं हिरवं, हे खराटा. कारण कोणाला नीट ठाऊक नव्हतं. नागपूरहून एक शेतीचं मासिक शाळेत येई. ते वाचून वाचून कोकिळाच्या डोक्यात आलं की बियाणं निंबोळीच्या काढ्यात भिजवून पेरून पाहावं. वावराचे दोन तुकडे होते. वरचा टेकाडाकडे, खालचा वस्तीला लागून. खालच्या तुकड्यात भिजवलेलं बी पेरलं, वरच्यात तसंच. तिफण रामरावाने हाकली, बी कोकिळाने सोडलं. दिवाळीपासून ती दर रविवारी वाळलेली झाडं मोजत होती. वरच्या तुकड्यात खराटेच खराटे. खालच्यात कुठे एखादा. तिने लेख लिहून नागपूरला पाठवला, आणि मग तिचे डोळे पिवळे दिसू लागले.

तेरावं झालं. पाहुणे गेले. रामरावाची एक म्हातारी मावशी स्वयंपाकाला राहिली. घरात आता 'मर' हा शब्द कोणी बोलत नव्हतं. मावशीसुद्धा त्याच्यासमोर तुरीचा 'तो रोग' म्हणू लागली. रामरावाच्या ते लक्षात आलं होतं. त्याला शब्दाचं काही वाटलं नव्हतं. कशाचंच फार काही वाटत नव्हतं. ताट पुढे आलं की तो जेवी, बैलांना पाणी दाखवी, कोणी आलं की बसा म्हणे.

होळीनंतर नागपूरचं पत्र आलं. वर नाव होतं, सौ. कोकिळाबाई. पंजाबराव आला होता, त्याने ते मोठ्याने वाचलं. संपादकांनी लिहिलं होतं की लेख उपयोगाचा आहे, पेरणीआधीच्या अंकात घेता येईल, मात्र दोन गोष्टी हव्यात. निंबोळ्या 'दोन मुठी' असं लिहिलं आहे. मूठ प्रत्येकाची वेगळी, तरी वजन कळवावं. आणि आपल्याखेरीज कोणा जाणकाराने हे पीक पाहिलं असल्यास त्याची सही पाठवावी. कोणी पाहिलं नसल्यास पुढच्या हंगामात तुकडे बदलून पुन्हा पेरावं आणि मग छापावं, हे अधिक बरं.

"मूठ म्हंजे मूठ!" पंजाबराव म्हणाला. "एवढा शिकला मानूस अन् त्याले मूठ माईत नाही. पन छापतो म्हनते, जवाईबापू. कोकीचं नाव छापून येते. सहीचं काय, भावसिंग हाये ना आपला."

रामरावाने पत्र हातात घेतलं. 'सौ.' या अक्षरावर त्याने बोट ठेवलं आणि काढलं. मग म्हणाला, "येऊ द्या छापून."

त्या दिवसापासून त्याच्यापुढे एक काम आलं. बाकी काही करावंसं वाटत नव्हतं, पण हे व्हावं असं वाटत होतं. कोकिळाचा फोटो एकच होता, लग्नातला, आणि त्यात ती तिच्यासारखी दिसत नव्हती. तिने लिहिलेलं छापून आलं तर ती काय होती ते कागदावर राहील.

भावसिंग कळंबला शेतीचा विस्तार अधिकारी होता. जवळच्या तांड्यावरचा मुलगा, शिकून साहेब झालेला, पण सायकलवरच फिरे. पंजाबरावाने निरोप धाडला तसा तो आला. अंगणात बाज टाकली होती, तिच्यावर बसून त्याने पत्र वाचलं.

"मुठीचं बराबर इचारलं त्यायनं," तो म्हणाला.

"काय बराबर? बायाबापड्या सैपाक काय तराजूनं करतात?"

"तुमची मूठ अन् बाईची मूठ एकच का, पंजाबरावजी? तुमच्या मुठीत तर अर्धा संघ मावते."

पंजाबराव हसला. रामरावानेही हसल्यासारखं केलं. मग भावसिंग म्हणाला, "पन खरं सांगू का भाऊ, मी असतो तर एक वर्स थांबलो असतो."

"कायले?" पंजाबराव म्हणाला. "निंबोळीचं तं पानी हाये. गुन आला तं आला. नाही आला तं कोनाचं काय जाते?"

"जाते ना. गेल्या साली ज्याच्या वावरात तूर वाळली, तो औंदा तिथं ज्वारी पेरनार हाये. हे वाचून तो म्हनन, आता भेव नाही, अन् त्याच वावरात पुन्हा तूर पेरन. पानी लागू नाही पडलं तं दोन वर्सं गेली त्याची."

"अन् लागू पडत असन तं? तू तपासत बस दोन-तीन वर्सं. तवर लोकायची तूर वाळू दे. ते कोनाच्या माथी?"

भावसिंगाने पत्राची घडी घातली. "हेही खरं हाये," तो म्हणाला. "पन मांगं राळेगावकडं एकानं असंच छापून आनलं, सरकीले अमकं लावा, तमकं लावा. लोकायनं लावलं. सरकी उगवलीच नाही. आता मी खरं औषध घेऊन जातो तं मले म्हनतात, साहेब, ते सरकीवाले तुमीच का?"

"खाली बारीक अक्षरात लिहून देऊ, एका वर्साचा अनुभव म्हनून," रामराव म्हणाला.

"बारीक अक्षर कोन वाचते भाऊ?"

"तू पाह्यलं का नाही वावर?" पंजाबरावाने विचारलं. "तेवढं सांग."

"पाह्यलं. मार्गशीर्षात बाईनं बलावलं होतं, तवा आलतो. खालचा तुकडा हिरवागार. वरच्यात नुस्ते खराटे."

"मंग तेवढंच लिहून दे. पाह्यलं ते पाह्यलं."

भावसिंगाने रामरावाकडे पाहिलं. रामराव जमिनीकडे पाहत होता. भावसिंग म्हणाला, "देतो. पाह्यलं तेवढं लिहून देतो. बाजाराच्या दिवशी शिक्का घेऊन येतो."

मावशी तिच्या गावी गेली, तेव्हा रामरावाला पहिल्यांदा स्वतःचं पाणी स्वतः तापवावं लागलं. न्हाणीच्या कोपऱ्यात तो अर्धा भारा तसाच होता. त्याने चार काड्या ओढल्या, गुडघ्यावर मोडायला घेतल्या आणि थांबला.

काडीला मूळ होतं.

त्याने दुसरी पाहिली. तिलाही मूळ होतं. साऱ्या भाऱ्याला मुळं होती. तूर विळ्याने कापतात. कापलेल्या तुरीचं मूळ जमिनीत राहतं, चुलीपर्यंत येत नाही. मूळ येतं ते उपटलेल्या झाडाला, आणि उभं हिरवं झाड कोणी उपटत नाही. काड्याही बारीक होत्या, पोरवयाच्या. त्याने नखाने साल सोलली. आत काळी रेघ होती. ही मर लागून वाळलेली तूर होती.

त्याने पाणी तापवलं नाही. अंगरखा घातला आणि वस्तीवर गेला.

रुखमाबाई दारात लसूण सोलत होती. तिचा नवरा उकंडा रामरावाच्या वावरात कामाला येई. गेल्या काही वर्षांत सारी वस्ती बौद्ध झाली होती, आणि रुखमाबाईच्या नातीला पाटीवर पहिली अक्षरं कोकिळानेच काढून दिली होती.

"बसा भाऊ," ती म्हणाली.

तो उभाच राहिला. "रुखमाबाई, त्या दिवशी भारा आनला, त्या तुराट्या कुठच्या?"

"तुमच्याच की. कुठच्या राहतीन?"

"खालच्या तुकड्यातल्या?"

"मंग? डोक्शावर भारा घेऊन टेकाडावर कोन चढते? माह्ये गुडघे पाह्यले का?" मग तिला वाटलं की तो जळणाचा जाब विचारतो आहे. ती जरा ताठ बसली. "वाळली तूर चुलीची. हे तुमच्या आज्यानंच घालून देल्लं हाये, भाऊ. आमी चोरून नाही आनत."

"नाही, नाही. तसं नाही इचारत." तो म्हणाला. "कवा कवा उपटता?"

"दिसली का उपटली. साऱ्याच बाया. बाई रविवारी येत जाय, त्याच्या आंधी तं आमी वावर साफ करून ठेवो. बाई म्हने, रुखमाबाई, तुमच्या बाजूची तूर पाहा कशी हिरवी हाये."

"मंग तू काय म्हनली?"

"म्या म्हनलं, बाई, तुमच्या हाताचं पुन्य हाये." तिने लसूण खाली ठेवला. "काहून भाऊ? काही चुकलं का?"

"नाही," रामराव म्हणाला. "काही नाही चुकलं."

तो खालच्या तुकड्यातून परत आला. वाळली तूर चुलीची. ही म्हण तो दुधाचे दात पडायच्या आधीपासून ऐकत होता. मेलेलं झाड धन्याचं नसतं, ज्याच्या हाताला लागेल त्याचं. त्याच्या आजाने वस्तीच्या बायांना ते बोलून दिलं होतं, बापाने पाळलं होतं, त्याने पाळलं होतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं? वारा कुठून येतो हे कोणी बायकोला सांगतं का? कोकिळा बाभुळगावची. तिकडे तसं नव्हतं. तिने विचारलं नाही, कारण विचारायचं काही आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती तासातून चालली आणि जेवढी वाळलेली झाडं उभी दिसली तेवढी मोजली. वस्तीच्या बाजूची तोवर चुलीत गेलेली होती.

निंबोळीचं पाणी लागू पडलं नसेलच, असंही नव्हतं. पडलं असेल. कळत नव्हतं, एवढंच.

हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. भावसिंगाने जे पाहिलं ते लिहून देणं खोटं नव्हतं. त्याने हिरवा तुकडा पाहिला होता आणि हिरवा तुकडा होता. कागद गेला असता, लेख छापून आला असता. रामराव दोन दिवस ते मनात घेऊन फिरला. बैलांना पाणी दाखवताना एकदा बैल पिऊन झाले तरी तो कासरा धरून हौदाशी उभा राहिला.

बाजाराच्या दिवशी पंजाबराव आणि भावसिंग दोघे आले. पंजाबरावाने मजकूर लिहूनच आणला होता, अक्षर चांगलं होतं. भावसिंगाने पिशवीतून शिक्का काढला, गादी काढली, पेन काढलं. रामराव आत गेला आणि चार तुराट्या आणून बाजेवर कागदाशेजारी ठेवल्या.

"हे काय?" पंजाबराव म्हणाला.

भावसिंगाने एक काडी उचलली. मूळ पाहिलं. साल सोलली. "खालच्या तुकड्यातली?"

"हो. वस्तीच्या बाया रोज नेत जात. मोजायच्या आंधी."

भावसिंगाने पेनाला टोपण लावलं.

पंजाबरावाला कळायला थोडा वेळ लागला. मग तो उठला. "मंग सांगतलं कायले? अं? कोन इचारायले आलं होतं तुमाले?" त्याचा आवाज फाटला. "मेली ना ती! तिच्या मांगं एवढा एक कागद राहत होता. तोही तुमी चुलीत घाला!"

"पंजाबरावजी," भावसिंग म्हणाला, "बसा."

"नाही बसत. जित्या मानसाचं चुकलं तं तो म्हनते, बाबा, चुकलं माह्यं, अन् होते मोकळा. तुमी हजार चुका करता. माह्या बहिनीची एक नाही चालत?"

"म्हनूनच नाही चालत," रामराव म्हणाला. इतक्या दिवसांत तो एवढं मोठ्याने बोलला नव्हता. "चुकलं माह्यं म्हनायले ती नाही. पुढच्या साली कोनी म्हनलं, निंबोळीवाल्या बाईनं आमाले बुडवलं, तं तिच्या वतीनं कोन बोलन? तुमी? तुमाले काय माईत हाये तुरीचं?"

पंजाबराव कुंपणापर्यंत गेला, तिथे उभा राहिला, आणि परत येऊन बाजेवर बसला. त्याने आणलेला कागद चौघडी करून खिशात ठेवला. "चहा तरी करा," तो म्हणाला.

रामरावाने चहा केला. तुराट्यांवरच केला. साखर जास्त पडली, तरी तिघांनी तो तसाच घेतला.

मृगात पेरणी झाली. संपादकांनी लिहिल्याप्रमाणे तुकडे बदलले. भिजवलेलं बी वर, तसंच बी खाली. त्याआधी रामराव पुन्हा वस्तीवर गेला आणि बायांना सांगितलं, औंदा वाळलेली तूर उपटायची नाही, उभी राहू द्यायची, मोजून झाल्यावर न्यायची. तोवर जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या गाडीभर आणून टाकतो.

"मेलेलं उभं ठेवाचं?" रुखमाबाई म्हणाली. "बरं नाही दिसत, भाऊ."

"दिसू द्या."

मुठीचं काही ठरेना. कोकिळाची मूठ केवढी होती, ते त्याला सांगता येईना. तो हात त्याने किती वेळा धरला असेल, पण त्यात काय मावतं ते पाहिलं नव्हतं. रुखमाबाई म्हणाली, बाईचा हात माह्या नलूएवढाच. नलू तिची सून. तिने दोन मुठी निंबोळ्या भरल्या. रामरावाने त्या दुकानात नेऊन तोलल्या आणि वजन लिहून ठेवलं, पुढे 'अंदाजे' असा शब्द टाकला. बी त्याच काढ्यात भिजवलं.

बी यंदा पंजाबरावाने सोडलं. बाभुळगावहून मुद्दाम आला होता. चपला त्याने वावराच्या कडेला, धुऱ्यावर काढल्या. पेरणीच्या वेळी त्या काढायची काही रीत नव्हती.

लेख थांबवावा, पुन्हा पेरून कळवतो, एवढं रामरावाने स्वतःच्या हाताने नागपूरला लिहिलं. उत्तर आलं. अवश्य, घाई नाही. वर पुन्हा तेच नाव होतं, सौ. कोकिळाबाई.

तूर अजून फुलावर यायची आहे. वाळलेली झाडं मोजायची आहेत. मूठ नक्की केवढी ते ठरायचं आहे. लेख छापायचा राहिला आहे, आणि ती नाही हे नागपूरला कळवायचं राहिलं आहे.